वरची एक

बसा म्हणालात, बसले.
नाव विचारलंत, सांगितलं. नरसम्मा लक्ष्मीपती येमूल.
वार विचारलात, मंगळवार.
सिव्हिलला मंगळवारीच तर बोलावता तुम्ही.
हे सगळं बरोबर आलं, तेवढं लिहून घ्या.
वेड लागलेल्या बाईला वार कळतो का ओ?

आता हिशोब ऐका.
पंचवीस विड्यांचा कट्टा. चाळीस कट्टे. हजार.
एकोणतीस वर्षं मी हजाराला हजार दिलेत,
चेकरने छाट काढली तर तेवढ्या त्याच्यासमोर बसून वळून दिल्यात.
हळदीच्या दिवशीसुद्धा
पिवळ्या बोटांनी दोनशे.
ओकटी, रेंडु, मूडु...
मोजणं आईच्या भाषेत, हिशोब मराठीत,
दोन्हीकडून घेतलं की चूक राहत नाही.

तरी मागच्या उन्हाळ्यात,
पत्रा असा तापलेला की भिजवलेलं पानही हातात कुरकुरायचं,
चाळीस कट्टे बांधून झाले
आणि सुपात एक उरली.

दोरा लाल.
कारखाना आम्हाला हिरवा देतो.

मी घाबरले नाही. घाबरलेली बाई इतकं नीट सांगेल का?
तिचं तोंड कसं दुमडलं होतं, बघायला हवं होतं तुम्ही.
माझ्या सासूलाही तसं कधी जमलं नाही.
नखाची खूण नाही कुठे.
म्हणजे वळणारीला नख नाही.

दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक.
गड्ड्याची जत्रा आली, सगळी गल्ली नंदीध्वज बघायला गेली,
मी दाराला कडी घालून सुपासमोर बसले,
पापणी हलवली नाही.
त्या दिवशीही एक.
तेव्हा कळलं, बाहेरून कुणी येत नाही.
ती माझ्याच हातात राहते,
उजव्या करंगळीच्या पलीकडे.
दिवसा दिसत नाही.
पानं संपत आली की तिथे गार लागतं.

बाहेर बाकावर निळ्या ओढणीत बसलीय ती रजिता, माझी मुलगी.
ती सांगेल, आईचं कार्ड दोन वर्षांपूर्वीच बंद झालं,
घरात चिमूटभर तंबाखू नाही,
आई रिकाम्या सुपात बोटं चालवत बसते.
पोरगी खोटं बोलत नाही. तिला दिसत नाही, एवढंच.
मोबाईलच्या दुकानात बसून बसून डोळे गेलेत तिचे.
मी डबा उघडून दाखवला,
दोनशे त्र्याण्णव, सगळ्या लाल दोऱ्याच्या,
तर डब्यात बघून रडायलाच लागली.

गोळ्या द्या, घेते. मी हट्टी बाई नाही.

फक्त परवा रात्री लाईट गेली होती.
रजिता शेजारी झोपलेली,
हात छातीवर उघडा,
आणि झोपेत तिची बोटं चालली होती.
ती कधी विडीला शिवली नाही ओ.
मी शिवू दिलं नाही, बारावी केली तिची.
अंधारातच मी तिची बोटं धरून मोजली,
हळू, उठू नये म्हणून,
आधी आईच्या भाषेत,
मग मराठीत.

तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकेल ती.
माझी पानं कापायची कात्री तिने कुठेतरी लपवलीय.
तेवढी परत द्यायला सांगा.
काम फार नाही.