दुर्भाटची फेरी

खोटी नोट मी डोळे मिटून ओळखते.
फोंड्याच्या पतसंस्थेत एकवीस वर्षं
जाळीमागे बसून बोटं एवढं एकच शिकली:
कागद गप्प बसला तरी सांगतो.

आणि म्हापशाच्या त्या माणसानं
पांढरी, आठ वर्षांची गाडी उन्हात उभी करून सांगितलं,
बायकोच चालवायची, इगर्जी आणि बाजार, बस्स,
तेव्हा मी बॉनेटवरून हात फिरवला
आणि बोटं काहीच बोलली नाहीत.

भिशी गेली, दोन पाटल्या गेल्या.
ऑफिसात पेढे वाटले.
तिसऱ्या आठवड्यात डावी काच खाली गेली
ती खालीच राहिली.
पायाखालची चटई उचलली तर
गंजाचा चुरा, लहान मुलीची केसांची पिन
आणि कुठल्याशा पुराचा गाळ,
सुकून भेगा पडलेला.

शेणवीबाई रोज विचारायच्या, काय म्हणते गाडी?
मस्त, म्हणायचे मी,
आणि साडेपाचला मागच्या दारानं निघून बस पकडायचे.

लोटलीला बारसं होतं, म्हणून काढली एकदा.
दुर्भाटच्या धक्क्यावर रांगेत उभ्या उभ्या
सुई चढू लागली.
पुढची चाकं फेरीच्या फळीवर,
मागची जमिनीवर,
खाली जुवारीचं मातकट पाणी
आणि मी मधल्या मध्ये. तिथेच बंद पडली.
मागून स्कूटरवाले, पाववाल्याचा भोंगा.
फेरीवरचे तिघे येऊन ढकलू लागले, गाडी हलेना.
एक जण खिडकीशी वाकून हळूच म्हणाला,
बाय, ब्रेक सोड.

बारशाचं चांदीचं वाळं पर्समध्येच परत आलं.
त्यानंतर दीड महिना फणसाखाली कव्हर घालून.
कोंबडी खाली अंडी घालू लागली.
मला राग गाडीचा नव्हता, म्हापशाच्या माणसाचाही नव्हता फारसा.
नोटा मोजताना
मी दोन-दोनदा मोजू लागले होते,
राग त्याचा होता.

कुर्टीच्या मेस्त रुझारनं
कुणाकडून घेतली, किती दिले, काही विचारलं नाही.
इंजिन चालू ठेवून माझं मनगट धरलं:
हांगा हात लाव. आता हांगा.
वरचा पाइप चटका देणारा,
खालचा थंड, विहिरीच्या कठड्यासारखा.
मी म्हटलं, मध्ये काहीतरी अडलंय.
तो हसला नाही. पाना पुसत म्हणाला, तेंच.
अडलेली ती वस्तू निघाली बेचक्यात मावेल एवढी,
साडेसातशे रुपयांची.
क्लचला मात्र बरेच लागले, ते सांगत नाही.
काच नको करू, म्हणाला, मोटर महाग.
पाऊस आला की प्लास्टिक लाव.

मग पहाटे, रस्त्यावर फक्त पोदेर असताना,
बोरीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत.
रेडिओ बंद. सुईकडे बघत.
पुढे पुढे सुईकडे न बघता,
तळव्याला स्टिअरिंगची थरथर कळू लागली,
तिसऱ्या गिअरमधली वेगळी, चढावरची वेगळी.
एकदा काहीतरी खडखडलं, काळीज तोंडात आलं.
डब्यातला चमचा होता.

काल परत दुर्भाट.
तीच फळी, तीच फट, पाणी जरा वर आलेलं.
फेरीवरच्या त्या माणसानं मला ओळखलं,
काही न बोलता मागे जाऊन उभा राहिला.
आरशात दिसत होता, दोन्ही पंजे पुढे,
ढकलायच्या तयारीत.
मी क्लच सोडत गेले, कणाकणानं,
चाकांनी फळी धडधडवली, गाडी आत गेली,
आणि त्याचे हात
हवेतच राहिले थोडा वेळ.
मग त्यानं ते हाफ पँटला पुसले.

नदीत मध्यावर डाव्या खिडकीतून
चिखलाचा, डिझेलचा, कालवांचा वास आत आला.

सोमवारी शेणवीबाईंनी विचारलं.
डावी काच वर येत नाही, मी म्हटलं,
आणि पुढची गड्डी
एकदाच मोजली.