आठ बोल्ट

पिनांग, १९४१

तोफ आली नाही. चौथरा आला.
म्हणजे सिमेंट आलं, खडी आली,
ठेकेदार याप चिन हॉक आला डोक्यावर छत्री धरून
आणि समुद्राकडे तोंड करून एक गोल चौथरा बांधून गेला.
मधोमध आठ बोल्ट, वीतभर वर आलेले.
तोफेचे पाय त्यांत बसायचे होते.

मी पोन्नुदुराई, कोषागारातला कारकून.
बाप जाफन्याहून आलेला. माझं अक्षर चांगलं,
म्हणून ती फाईल दर वेळी माझ्याच टेबलावर.

छत्तीस साली बेटानं मागितल्या चार तोफा, दोन शोधदिवे,
जमलंच तर विमानं.
पत्र बोटीनं गेलं. उत्तर पाच महिन्यांनी आलं,
मध्ये त्यांचा उन्हाळा होता.
विचारलं होतं: पैसे कोण देणार?
लष्कर म्हणे, बंदर आहे, आरमारानं द्यावेत.
आरमार म्हणे, आकाश आहे, आमचा संबंध काय?
हवाई खात्यानं कळवलं, विमानं आली की पाहू.
कोणाची, ते लिहिलं नव्हतं.

मग ठरलं, निम्मे बेटानं द्यावेत, रबराच्या करातून.
साहेबांनी ‘निम्मे’खाली रेघ मारायला लावली.
मी पट्टी लावून मारली.
त्या वर्षी रबर पडलं.
निम्म्याचं पाव झालं, पावाचं ‘पुढील अंदाजपत्रकात’.
एकोणचाळीसला मंजुरी आली, आणि त्याच टपालात
दुसरं पाकीट: तोफा तूर्त इकडेच लागतील.
एकेचाळीसच्या पावसात शेवटचं पत्र:
बेचाळीसच्या दुसऱ्या तिमाहीत, बोट मिळाल्यास.

कागदावर विहीर खणून झाली होती,
मोजून, नकाशासकट.

तोवर चौथऱ्यावर मक मिनाह मासे वाळवू लागली.
सिमेंट तापतं छान.
या बोल्टपासून त्या बोल्टला दोरी, दोरीवर जाळी,
जाळीखाली खारवलेले मासे, आणि कडेला ती,
कावळ्यांसाठी हातात बांबू.
लेखापरीक्षकाला वास आला.
लष्करी मालमत्ता, विनापरवाना वापर. त्याचा शेरा लाल शाईत.
म्हणून भाडं ठरलं: महिना साठ सेंट, आगाऊ.
बोल्ट गंजू नयेत म्हणून ग्रीज: महिना चाळीस.
म्हणजे या बेटाचं हवाई संरक्षण
दरमहा वीस सेंट नफ्यात होतं.
मी हे साहेबांना हसत सांगितलं.
त्यांनी तो आकडा वार्षिक अहवालात घातला.

अकरा डिसेंबर, गुरुवार.
सकाळी आवाज आला तेव्हा सगळा रस्ता बाहेर आला.
रिक्षावाले, चहावाले, शाळा सुटलेली पोरं,
कोणी मूल खांद्यावर घेतलेलं.
बोटं वर करून सगळे मोजत होते.
मीही मोजली. सत्तावीस.
शेजारचा घड्याळजी म्हणाला, अखेर पाठवली बघा त्यांनी.
मी ‘हो’ म्हणालो.
मी, ज्यानं ती सगळी पत्रं स्वतःच्या हातानं उतरवली होती.

पुढचं मला रस्त्यासारखं नाही, तुकड्यांनी आठवतं.

दोन-तीन रात्रींत साहेब लोक होडीनं गेले. मेमसाहेबांचं पियानोचं स्टूल
धक्क्यावर राहिलं.
किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पावती मागितली नाही.

चौथरा पाहायला गेलो.
त्याला काही झालेलं नव्हतं. ओरखडासुद्धा नाही.
आठही बोल्ट चकचकत होते.
जाळी एका बाजूनं सुटलेली, मासे तिथेच,
आणि कावळे निवांत, कोणी हाकलणारं नव्हतं.
ती बाजाराला गेली होती मीठ आणायला.

वही उघडली.
मक मिनाह, डिसेंबरअखेर, साठ सेंट, जमा.
शेवटच्या वीस दिवसांचे निघतात
अडतीस आणि वर काही.
परतावा नियमात बसतो, कलम मला पाठ आहे.
फक्त रक्कम कोणत्या खात्यातून द्यायची,
लष्कर, आरमार, की हवाई,
एवढंच विचारायचं आहे.
पत्र तयार आहे, सुवाच्य, तीन प्रतींत.