दुसरा कान

ल्युटके बाई,
तुमच्या दवाखान्याच्या दारावर पाटी आहे:
वेळ फक्त फोनवर मिळेल.
मंगळवारी, आठ ते साडेनऊ.
ज्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही त्यांचा दवाखाना,
आणि किल्ली ठेवलीत नेमकी तिथे.
हसू आलं मला. मग नाही आलं.

हा सातवा मंगळवार.
कागदावर सगळं लिहून बसले होते:
नमस्कार. मी फ्राउके बेरेन्ट्स. गोळ्या संपत आल्यात.
जन्मतारीखसुद्धा लिहिली,
कारण मागच्या खेपेला तुम्ही ती विचारलीत
आणि मी एका सायकलचा चासी नंबर सांगितला.

फोन एकाच कानाला लागतो, बाई.
दुसरा मोकाट सुटतो.
तुम्ही विचारता, विमा कुठल्या कंपनीचा?
तेव्हा तो वार्नोवच्या धक्क्यावर पोचलेला असतो,
एक फेरीबोट भोंगा देतेय,
इकडे वर्कशॉपात योर्न कोरडीच साखळी फिरवतोय,
ती करकर मला कळते,
कुठला दात झिजलाय तेही कळतं,
आणि तुमचा प्रश्न
वाटेत कुठे सांडला, देव जाणे.
मी म्हणते, हो.
विमा कुठला? हो.

लिहिलेलं थांबतं.
चहा खिडकीत विसरून तासाभराने यावं
तर गार झालेला, पण तिथेच,
तसं वाक्य.
ते विचारत नाही, हॅलो, आहात ना?

बाबा श्ट्रालझुंडला असतात.
दर रविवारी पाचला त्यांचा फोन वाजायचा
उशीखाली,
आणि मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.
सोमवारी पोस्टकार्ड टाकायची,
बंदर, बगळा, जे मिळेल ते,
मागे बारीक अक्षरात सगळा आठवडा.
वाटायचं, म्हणत असतील, पोरगी माजली.

गेल्या महिन्यात त्यांचं कार्ड आलं. आयुष्यातलं पहिलं.
पेन्सिलीने, ओळी उतरत्या:
तुझी आई नंबर फिरवून रिसीव्हर हातात द्यायची.
आता ती नाही, तर काय बोलायचं
ते आधी लिहून घेतो.
तू उचलत नाहीस
तेव्हा, खरं सांगू, हायसं वाटतं.

किती रविवार आम्ही दोघं
आपापला कागद धरून
एकच घंटा ऐकत बसलो होतो.

तर बाई, आज फोन नाही.
ही चिठ्ठी तुमच्या पेटीत टाकतेय.
खाली दोन चौकोन आखलेत: गुरुवार, शुक्रवार.
एकावर खूण करा, पाकिटावर तिकीट मीच लावलंय.

ताजा कलम:
दाराशी निळी सायकल उभी असते ती तुमची असेल
तर मागच्या ब्रेकची तार सुटत आली होती.
चिठ्ठी टाकायला हात वर केला आणि ती दिसली.
घट्ट केलीय.
म्हणून कोपऱ्यावर हे तेलाचं बोट.
म्हणून साडेनऊ वाजून गेले.