अर्धा पोल जास्त

त्यांचं नाव मला लिहायचं नाही.
तक्त्यात ते एच-एकोणचाळीस,
वय त्रेसष्ट, बायपास होऊन अकरा आठवडे,
व्यवसायाच्या रकान्यात 'सेवानिवृत्त', एवढंच.

सहा मिनिटांची चाल
तीस मीटरच्या सपाट व्हरांड्यात मोजायची असते.
आमच्या उपकेंद्राचा व्हरांडा नऊ मीटरचा,
त्यात एक रांजण आणि एक झोपलेली कुत्री.
तेच म्हणाले, "रस्त्यानं चालतो न बाई,
पोल ते पोल पन्नास मीटर. मीच गाडले हायेत."
मी टेप लावून पाहिली.
एकोणपन्नास पूर्णांक आठ.

तेव्हापासून त्यांची तब्येत मी पोलांत मोजते.
आधी सहा पोल आणि धाप.
मग सात. मग सात आणि पुढची बोरी.
समोर बघा म्हटलं तरी मान वर,
"चौथ्यावरचा जंपर ढिला हाय,
कोणाले तरी पाहाले सांग."
माझं बोट नाडीवर. एकशे चार. बोलू नका.

संमतीपत्र वाचून दाखवलं तेव्हा
एकाच ओळीवर बोट ठेवलं होतं त्यांनी:
माहिती कुलूपबंद राहील.
"किल्ली कोणापाशी?"
अर्धी माझ्याकडे, काका, अर्धी नागपूरच्या सरांकडे.
"म्हंजे परमिट एकाच्या खिशात,
हँडल दुसऱ्याच्या हाती. मंग ठीक हाय."
इतकं नीट मला प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारनंतर तोच लॅपटॉप दुसऱ्या कामाला लागतो.
हिवरा फिडर: वीज गेली कधी, आली कधी,
थ्री फेज रात्री किती वाजता.
हे आकडे अहवालात जातील, अहवाल मुंबईला,
तिथून एखादी ओळ कदाचित परत येईल.
दोन प्रकल्प, दोन तक्ते.
सरांची ताकीद: शेजारी शेजारी उघडायचे नाहीत.
दोन निनावी रकाने जवळ आले
की मधून नाव उगवतं,
हराळीसारखं.

बुधवारी उघडले. चुकून, म्हणेन.

एच-एकोणचाळीस, मंगळवार, सात दहा ते सात चोवीस.
ठोके: एकशे एक्केचाळीस.
पावलं: बारा.

हिवरा फिडर, डीपी क्रमांक चार, मंगळवार.
बंद, पाच बावन्न.
सुरू, सात सव्वीस.
दुरुस्ती कोणी केली: कोरं.

बारा पावलांचे एकशे एक्केचाळीस ठोके
जमिनीवर पडत नाहीत.

कोणाचं काय अडलं होतं, ते दोन्ही तक्त्यांत नाही.
हरभऱ्याचं पाणी असेल, चक्कीत अर्धं दळण असेल,
किंवा नुसता अंधार,
जो त्यांना चाळीस वर्षांत कधी बघवला नाही.

गुरुवारी घरी गेले.
अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते,
उजव्या तळव्याला हळद.
काकू बोलल्या नाहीत, सुपातच बघत राहिल्या.
"परवा सातला काय करत होता?"
"भजनाले गेलो व्हतो."
"भजनात एवढे ठोके?"
"मृदंग माह्यापाशी व्हता."

मी रागावले. छातीचं हाड, टाके, वजन उचलायचं नाही,
सगळं पहिल्यापासून सांगितलं.
पोल ऐकतो तसं त्यांनी ऐकलं.

रकान्यात लिहिलं: भजन.
रांगेला लाल खूण केली, डॉक्टर प्रणोतींना फोन लावला,
उद्याच तपासा, कारण विचारू नका.
फिडरचा कोरा रकाना कोराच ठेवला,
फक्त खाली शेरा जोडला:
अकरा गावांना लाइनमन एक. दुसरी जागा
तीन वर्षं रिकामी.

आज ईसीजी ठीक आला.
चालताना चौथ्या पोलापाशी वर पाहिलं, दोघांनीही.
जंपर नवा होता, उन्हात चमकत.
मी घड्याळाकडे बघितलं.
सात पोल, मग बोरी,
मग बोरीच्या पुढे बरंच.
"अर्धा पोल जास्त," ते म्हणाले,
"लिव्ह."