दुपारी दोन वाजता, अनवाणी

फेब्रुवारीत आमच्या यार्डात गिऱ्हाईक सकाळीच येतं,
सावलीत नमुने बघतं,
फोटो काढून कुणाला तरी पाठवतं
आणि रंगावर भाळून ऑर्डर देतं.

ओरेस्ते आला दुपारी दोनला.
अ‍ॅडलेडचा पारा एक्केचाळीस.
म्हणाला, नमुने उन्हात मांडा,
आणि बादलीभर पाणी द्या.
मग बूट काढले. मोजेही.

बावीस वर्षं मी फरशी विकते.
पायानं फरशी बघणारा हा पहिलाच.

ब्लूस्टोनवर पाऊल टेकलं न टेकलं तोच उचललं.
"तवा आहे हा."
मी म्हटलं, पण निळ्या पाण्याशेजारी देखणा दिसतो.
"दिसण्याचं आमच्याकडे आता फारसं काही नाही."
स्लेटचे पापुद्रे त्यानं नखानं उचकटून पाहिले.
सँडस्टोनपाशी थांबून मलाच विचारलं,
पोहण्याचा तलाव खाऱ्या पाण्याचा आहे, किती वर्षं टिकेल?
सहा. फार तर सात.
मग मीठ आत शिरतं
आणि दगड साखरेसारखा झडू लागतो.
एवढं खरं सांगून धंदा होत नाही,
पण अनवाणी माणसाशी खोटं बोलवेना.

गुळगुळीत पोर्सेलीनवर त्यानं पाणी ओतलं,
टाच पुढे सरकवली,
आणि पुढच्या क्षणी माझा खांदा घट्ट धरून उभा होता.
त्यावर दोघंही काही बोललो नाही.

टेराकोटावर मात्र रेंगाळला.
दगडापेक्षा वीट मऊ,
हे त्याच्या तळव्यांना फार आधीपासून ठाऊक असावं;
कालाब्रियातलं एखादं स्वयंपाकघर असेल, मी विचारलं नाही.
"तेल सांडलं की डाग पडतो,"
तो आपणहून म्हणाला,
"आणि हल्ली आमच्याकडे सांडतं."

तेव्हा कुठे त्यानं गाडीचं दार उघडलं.

इल्दे. डोळे उघडे, नजर कुठेच नाही.
त्यानं तिला फिकट ट्रॅव्हर्टीनवर आणून उभं केलं,
आणि मला सांगू लागला:
ओट्यापासून तलावापर्यंत हाच, एकाच प्रतीचा,
मध्ये उंबरा नको, पायरी नको,
म्हणजे ती कुठेच अडखळायची नाही.

"सगळं एकसारखं?" ती म्हणाली.
"मग पाणी कुठे सुरू होतं
ते मला काय पाणी येऊन सांगणार?"

त्याचं तोंड उघडं राहिलं.
तीन महिने तो तिच्यासाठी जग सपाट करत होता.

मग तासभर ती फिरली.
मी फरशी पुढे ठेवायची, तिनं पाय.
घरात घोटलेली. अंगणात नुसती घासलेली,
जिची भोकं भरलेली नाहीत अशी.
आणि काठापाशी, शेवटच्या तीन ओळी
टाकीनं खडबडीत केलेल्या,
"चावल्या पाहिजेत," म्हणाली. "हळूच."
दगड एकच, खाण एकच,
फक्त कातडी तीन.
उंबरा नको, हे मात्र तिनं मान्य केलं.
ओरेस्ते बूट हातात धरून ऐकत होता.
मी पावती फाडली.

एप्रिलमध्ये तिचा फोन.
अंगणातली एक फरशी उलटी बसलीय.
गवंडी म्हणे शक्यच नाही,
ओरेस्ते म्हणे मला तर दिसत नाही,
आणि स्वतःच्याच वाक्यावर गप्प झाला.

मी कायरनला पहार देऊन पाठवलं.
दोन तासांनी तो परतला, हातात पिशवीभर लिंबं.
उलटीच होती, म्हणाला,
करवतीच्या खुणा वर.
दर्जा उकरायला बसलो, तर म्हातारीनं हात धरला.

"राहू दे. बरोबर जागी चुकलीय.
तिथूनच मी लिंबाकडे वळते."