सावलीची सावळी

कोठीच्या दफ्तरात भाऊंनी एकतीस वर्षं मोडी वाचली.
टेबलावर एकाच सनदेच्या चार प्रती,
आणि भाऊ सांगायचे, कुठली कुठलीवरून उतरली.
"अक्षर बघू नकोस, चूक बघ.
बरोबर लिहिणारे सगळे सारखेच असतात.
हा कुणी गोविंद त्रिंबक, कारकून,
सावली गावाचं सावळी करून बसला.
डुलकी लागली असेल, नाहीतर घरी कुणी आजारी.
आता ज्या ज्या कागदात सावळी
तो तो याच्या पोटचा."
मी नऊ वर्षांची,
वाळूची डबी उघडझाक करत होते.

आता माझ्याकडे अक्षरं चारच:
ए, सी, जी, टी.
तीस हजारांची एक ओळ,
जागा नाही, विराम नाही,
हात न उचलता लिहिलेली.
इद्रीसभाई बर्फाच्या पेटीतून नळ्या आणतो.
नळीवर नंबर, वय, पिनकोड.
नाव नाही.
गोरवा, छाणी, वाघोडिया रोड,
कारेलीबागेतली जवळजवळ अख्खी एक सोसायटी.
मशीन रात्रभर वाचतं,
सकाळी मी चुका मोजते.
जिथे लागत नाही तिथे मशीन एन लिहितं.
भाऊ तिथे टिंबं द्यायचे.

फाल्गुनीबेन नकाशावर रंग भरते.
मार्चमध्ये मांजलपूरला एकच ठिपका होता,
एप्रिल संपता संपता ठिपक्यांखाली
वडोदरा दिसेना.
फोनवर विचारतात, किती टक्के?
आम्ही टक्के सांगतो.
खासवाडीच्या रांगेचं कुणी विचारत नाही,
ते आमचं खातं नव्हे.

मेच्या शेवटी आलेल्या खेपेत
दोन नळ्या शेजारी शेजारी.
स्त्री, सदतीस. पुरुष, एकाहत्तर.
पिनकोड एकच, दांडिया बाजारचा,
तारखांत चार दिवसांचं अंतर.
नाव नसलं म्हणून
स्वतःला कोण ओळखत नाही?

दोन्ही ओळी एकीखाली एक लावल्या.
सगळं जुळलं,
एक जागा सोडून.
माझ्यात सी, जसा बाकी साऱ्यांत.
त्यांच्यात टी.
अख्ख्या शहरात तो टी दुसऱ्या कुणात नाही.

मी पुन्हा वाचलं.
मग उलटीकडून वाचलं, लहानपणी पाढे म्हणायचो तसं.
इद्रीसभाई दारात उभा होता, म्हटलं,
मला वार लागेल, तू निघ.
(पुण्याची मावशी या 'वार'ला हसते,
म्हणते, वेळ म्हण गं, वेळ.
कधीतरी आमच्याही एका पूर्वजाला
गुजरातीच्या शेजारी बसून लिहिताना डुलकी लागली,
आणि आम्ही सगळे त्याच्या पोटचे.)

भाऊ अठरा दिवसांनी सयाजीतून घरी आले होते.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसावं लागतं अजून.
जिभेला चव नाही, दूध उतू गेल्याचा वास नाही,
चष्मा मात्र सकाळी सहालाच नाकावर.
रात्री जेवताना विचारलं,
"लागली का गं, कुठली प्रत आधीची?"

मी भात वाढत राहिले.
"ओळ खराब आहे, भाऊ. वाचता आली नाही."

त्यांनी बोट बुडवून ताटाच्या कडेला
तीन टिंबं दिली.
मशीनपेक्षा सावकाश.

"एका अक्षरावरून निकाल देऊ नये,"
असं माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आणि त्या कारकुनाला तर
मी कधीच नावं ठेवली नाहीत.
घरी कुणी आजारी असेल."

मग वाटी तोंडाला लावून
कढी भुरकली, मिशा पुसल्या.
"मीठ बरोबर पडलंय आज."