जागा भरणे आहे

जाहिरातीचा मसुदा मीच लिहावा म्हणतात,
कारण जागा माझीच आहे.
एकतीस वर्षं ओउलूतल्या या तळघरात
मी आरसे सरळ करत आलो.
सरळ म्हणजे किती,
तर केसाच्या शंभराव्या भागाइतकंही वाकडं नको.
हे जाहिरातीत कसं बसवायचं?

"पात्रता" एवढं लिहून थांबलोय.

अंधाराची सवय असावी.
(बाहेर दुपारी दोनलाच दिवे लागतात, ती सवय वेगळी.
ही काळ्या पडद्यामागची,
जिथे आधी आपला श्वास ऐकू येतो
आणि मग टेबलाची कड हाताला लागते.)
दूध, अगार आणि थेंबभर शाई
यांचं खोटं कातडं शिजवता यावं,
गुठळी न होऊ देता.
माझी आई रव्याची खीर तशी ढवळायची.

काल तिघं नवी आली.
पेत्तेरीने पहिल्याच तासाला लेन्सला बोट लावलं
आणि चोरून शर्टाच्या टोकाने पुसलं.
मी पाहिलं. बोललो नाही.
शर्टाच्या टोकाने, अरेरे.
काइसा हॉस्पिटलातून आलेली,
प्रत्येक यंत्रापाशी थांबून विचारते,
हे पेशंटला गार लागत असेल ना?
आणि योर्दानोस, जन्म अस्मारातला, वाढली इथल्या बर्फात,
इथली बोली माझ्याहून अस्सल बोलते.

रीत अशी, की नव्या माणसाने आपलं बोट द्यायचं.
चिमट्यात बोट, पलीकडे लाल उजेड,
पडद्यावर नाडीची लाट.
पेत्तेरीची आली, ठसठशीत. काइसाची आली.
योर्दानोसची येईना.
म्हणजे आली, पण भिंतीपलीकडून कुणी हळू बोलावं तशी.
मी चिमटा बदलला. तार हलवली. आरसा तपासला.
आरसा सरळ होता.

"तुमच्या हाताचा दोष नाही," ती म्हणाली,
"हे यंत्र शिकलं कुणाच्या बोटांवर?"

कपाटातल्या वह्या काढल्या.
एर्क्कीचं बोट, माझं, लेम्पीचं, पुन्हा माझं,
सगळी फेब्रुवारीतली,
महिनोन् महिने उन्हाचं तोंड न पाहिलेली.
आम्ही घरातल्या घरात मोजत राहिलो
आणि त्याला माणूस म्हणत राहिलो.

संध्याकाळी तिने पातेल्यात शाईचा थेंब टाकला.
मग अजून एक.
मग अजून.
मी ढवळत होतो.
एकदा गुठळी झालीच. फेकून दिलं, नव्याने मांडलं.
पेत्तेरीने न सांगता पातेलं घासलं.

मसुदा अजून टेबलावर आहे.
आरसे, अंधार, दूध, सगळं खोडलं.
पात्रतेपुढे लिहिलं: येताना आपलं बोट घेऊन यावे.
बाईंनी लाल पेनाने शेजारी विचारलंय, म्हणजे काय?

शेवटची तारीखही घालायची राहिलीये.